तिघींचा फेरा

मोटर पुन्हा उलटीच फिरली. भात वर उचलणारी डब्यांची माळ पालथी धावली आणि मूठभर भातही वर चढलं नाही. फारूकने खटका पाडला.

"या अल्लाह! तिन्ही तारा बदलल्या की मी!"

फारूक वायरमन काही कच्चा गडी नव्हता. निम्म्या पनवेलच्या घरांत दिवे त्यानेच लावले होते. पण तीन तारांची मोटर हाती पहिल्यांदाच आली होती. बळीराम शेटने सकाळीच दम भरला होता : दुपारी मी येईन तेव्हा गिरणी सुरू दिसली नाही, तर मुंबईचा फिटर बोलावीन. मग पनवेलात फारूकला विचारणार कोण?

बाहेर हौसा, भामा आणि मैना एकाच उखळात भात कांडत होत्या. पंधरा वर्षं शेटचं भात त्याच कांडत आल्या. गिरणी चालली की त्यांची मजुरी बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बिचाऱ्या! फारूकला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेट आला. सकाळी हौसाने विचारल्यावर तिला जे सांगितलं, तेच फारूक आता शेटला सांगू लागला.

"तिन्ही तारांत जोर सारखाच असतो शेट, पण एकदम येत नाही. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, सारख्या अंतराने. हा फेरा जिकडे, मोटर तिकडे. मी तर प्रत्येक तार एकेक घर पुढे सरकवली, तरी..."

"तरी उलटीच फिरनार!" हौसा उखळाजवळून ओरडली. "शेट, हिकडं बगा."

तिघी एकेक जागा पुढे सरकल्या. हौसा, भामा, मैना. धप्, धप्, धप्. मुसळांचा फेरा उखळाभोवती होता तसाच चालला. मग भामा आणि मैनाने तेवढी आपसात जागा बदलली. पाळी तीच, हौसा, भामा, मैना. पण फेरा आता उलट्या अंगाने जाऊ लागला.

"दोगींनाच बदल रं बाबा. तिगींना कशाला नाचवतंस?"

फारूकने कपाळावर हात मारला. दोनच तारांची अदलाबदल केली आणि खटका ओढला. भात सरसर वर चढलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

शेट हौसाकडे बघतच राहिला. "अगं, तुझ्याच पोटावर पाय येतोय आणि तूच शिकवतेस? उद्यापासून गिरणीवर ये तू."

"येन. पन तिगी येव. एकीवर तुमची मोटर तरी फिरते काय?"

शेट पोट धरून हसला. "या गं बायांनो, तिघी या!"

तो गेल्यावर फारूक म्हणाला, "मावशी, माझी लाज राखलीत. पण हे तुमच्या ध्यानात कधी आलं?"

"सकालीच," हौसा पदराने घाम पुसत म्हणाली. "पन तेवा ऐकाला शेट कुठं होता?"