साठ सह्यांचा अर्ज

बाबा मुलुंडच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. अर्ज लिहिणं, सह्या गोळा करणं, शिष्टमंडळ नेणं, सगळं मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यायचे. शाळा सुटली की त्याच खोलीत झाडूवाल्यांच्या मुलांचा वर्ग घ्यायचे. पंचावन्न साली ते गेले, तेव्हा तो वर्ग चालू राहावा एवढंच मला हवं होतं.

शोकसभेत जुने विद्यार्थी दीड तास बोलले. अन्यायाविरुद्ध एकजूट करायला सरांनीच शिकवलं, असं प्रत्येकाने सांगितलं. डोळे पुसायला प्रत्येकाजवळ इस्त्रीचा रुमाल होता.

सभा संपल्यावर शरच्चंद्र जवळ आला. बाबांचा लाडका विद्यार्थी, आता वकील.

"उत्तराताई, त्या खोलीची काळजी सोडा. आम्ही काय उगाच सरांचे विद्यार्थी? अर्ज तयार आहे, साठ सह्या झाल्यात, उद्या शिष्टमंडळ शाळेच्या चालकांकडे जातंय. फक्त पहिली सही तुमची हवी. वर जागा सोडलीय ना!"

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मी पेन उघडलं आणि अर्ज वाचला.



मागणी एकच होती: सरांचं स्मारक त्या खोलीत व्हावं, म्हणून झाडूवाल्यांच्या मुलांना तिथून ताबडतोब हलवावं.