कार्बनखालची चाल

शेवटच्या फेरीत समोर मार्केट यार्डातल्या बटाट्याच्या गाळ्यावरचे उत्तरेश्वरकाका आलेले पाहून तेजसला हसू आलं. हा डाव जिंकला की राज्याच्या बुद्धिबळ संघातली जागा नक्की होती. काळ्या मोहऱ्यांनी त्याने सिसिलियन बचाव घेतला, त्यातही सर्वांत धारदार ड्रॅगन प्रकार. तो त्याने नव्या पेंटियम संगणकावर वीस चालींपर्यंत घोटला होता.

“काका, हा बचाव ऐकलाय कधी? की तिकडे नुसते बटाट्याचेच भाव?”

“आपण खेळा,” काका म्हणाले.

चौदावी चाल लिहून तेजसने नोंदीचा कागद सहज उचलला. कार्बनखालच्या प्रतीवर अठरा चाली होत्या. कुणाचा तरी वापरलेला कागद दिला असणार, गबाळे लेकाचे! पण पहिल्या चौदा चाली त्याच्याच होत्या. अक्षरही त्याचंच होतं, साताच्या पोटातली आडवी रेघसुद्धा.

खाली पंधरावी चाल हत्तीची होती. तेजसने मुद्दाम प्यादं ढकललं, वर लिहिलं आणि खाली पाहिलं. तिथेही प्यादंच होतं. हत्ती कुठेच नव्हता.

अठराव्या चालीखाली पांढऱ्याचा विजय नोंदलेला होता आणि शेजारी तेजसची सही.

त्याची अठरावी चाल आली तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं, पेन खिशात टाकलं आणि हात मांडीवर ठेवले. खेळायचंच नाही.

“चाल आधी लिहून ठेवायची नसते,” काका तुच्छतेने म्हणाले. “एवढंही शिकवलं नाही का तुमच्या संगणकाने?”

तेजसने वरच्या कागदाकडे पाहिलं. अठरावी चाल लिहिलेली होती. तिच्याखाली त्याच्या सहीचं पहिलं अक्षर उमटत होतं.