सरळ रेष

“मोटर सुरू करा की आता,” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“सुरूच आहे, सर,” शलाका म्हणाली.

बोटाच्या पेराएवढी ती अल्ट्रासॉनिक मोटर जराही आवाज न करता फिरत होती. अशा मोटरचा वेग एरवी सारखा वरखाली होतो आणि पडद्यावर दातेरी रेष उमटते. पाच वर्षं खपून शलाकाने बनवलेल्या कंट्रोलरने तो चढउतार घालवला होता. आज समितीने होकार दिला की प्रबंध सादर करायला ती मोकळी.

अध्यक्षांनी पडद्यावरची सरळ रेष पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. “काहीच होत नाहीये हो यात. आमच्या मेहुण्यांची अशी रेष आली, तेव्हा डॉक्टर मान हलवत बाहेर आले होते.”

बाकीचे दोघे हसले. गाईड देवस्थळी सरही हसले आणि तिच्याकडे वाकून कुजबुजले, “अगं, तुझा कंट्रोलर बंद कर जरा. काहीतरी हलताना दिसू दे त्यांना.”

“पण सर, तेच तर माझं काम आहे.”

“कर गं. पाहुण्यांशी वाद घालू नये.”

तिने बंद केला. रेष थयथयाट करू लागली, मोटर किरकिरली. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “वा! आता कशी जिवंत वाटतेय!”

चहा-सामोसे झाल्यावर समितीचा शेरा आला: ‘काम उत्तम. मात्र वेगात फार चढउतार आहे. तो घालवल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये.’

“मग काळजी कसली?” सर सामोसा संपवत म्हणाले. “ते तर तुला येतंच.”