आईच्या मापाचे जोडे

लेक दुकानाची पायरी चढली ती नवऱ्याच्या सपाता फरफटवत. तिचे स्वतःचे सगळे जोड घरी कोपऱ्यात पडून होते. नववा लागला आणि पाय असे सुजले की एकातही शिरेनात.

“जोडे शिवणाऱ्याची लेक, आणि हिंडते दुसऱ्याच्या सपातांत,” बाबा म्हणाले. “माझ्या धंद्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस की गं!”

“मग द्या ना माझे लवकर. नर्सबाई कान उपटतात माझे. प्रेशर ठीक, बाळ ठीक, सूजही नेहमीचीच म्हणाल्या. फक्त घरात बसून राहू नका, चाला म्हणतात.”

“दवाखान्याची पिशवी भरून ठेवलीस?”

“भरली. मग उपसली. मग परत भरली.”

बाबांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून दोन दिवस ते याच जोडाला बसले होते. त्यांनी फळीवरून एक जोडा उचलला, टाच गुडघ्यांत दाबून धरली आणि आतला लाकडी साचा ओढून काढला. साचा जुना होता. बोटांपाशी आणि दोन्ही बाजूंना त्यावर चामड्याची ठिगळं एकावर एक चिकटवलेली.

“माप कधी घेतलंत माझं?”

“तुझं कुठे घेतलंय? परवा पाय वर करून झोपली होतीस, तेव्हा बघितले. म्हटलं, हे पाय तर आपल्या ओळखीचे आहेत.” साचा त्यांनी तिच्या हातात दिला. “तुझ्या आईचा आहे.”

“आईचा पाय एवढा रुंद? काहीतरीच. तिच्या चपला मला शाळेत असताना व्हायच्या.”

“तेव्हा झाला होता. तू पोटात होतीस ना! दर आठवड्याला एक ठिगळ वाढवायचो. बाळंत झाल्यावर म्हणाली, अहो, ती ठिगळं काढा आता, कुणी बघितलं तर म्हणेल या बाईचे पाय आहेत की होड्या. काढतो म्हणालो. राहून गेलं.”

राहून कसलं जातंय! फळीवरचे बाकीचे साचे त्यांनी कितीदा घासले, बदलले, कुणाकुणाचे तर बंबात घातले. याला मात्र चामडं कापायची रापी कधी लावली नव्हती. लेकीची आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

लेक साच्यावरून बोट फिरवत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “बाबा, आईला भीती वाटायची?”

बाबांनी उगाचच शिवायची आरी शोधायला घेतली. आरी समोरच होती.

“नर्सबाई सगळं शिकवतात हो,” ती म्हणाली. “कळा आल्या की श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसं झोपायचं. पण रात्री छातीत धडधडतं, त्याचं काय करायचं? आई असती तर तिला विचारलं असतं. तुम्हाला काय विचारणार?”

ते खरंच होतं. खोटं बोलून वेळ मारून न्यावी असं बाबांच्या मनात आलं, पण लेकीपुढे त्यांचं खोटं कधी टिकलं नव्हतं.

“वाटायची,” ते म्हणाले. “मरणाची वाटायची. दिवसभर तोंड एवढंसं करून बसायची. ऊन उतरलं की जोडे घालायची आणि पुलापर्यंत चालत जायची. मी येतो म्हटलं तर नको म्हणायची, दुकान बघा. आणि परत यायची ती हसत. जणू गेली होती ती बाई वेगळीच.”

“वाटेत काय व्हायचं?”

“बोलत जायची. समोरचा शिंपी मला येऊन सांगायचा, उस्ताद, तुमची बायको एकटीच बडबडत जाते, डॉक्टरला दाखवा.”

“एकटीच?”

“त्याला काय कळतंय! तुझ्याशी बोलायची.”

लेकीने साचा मांडीवर ठेवला. “काय बोलायची?”

“मला काय माहीत?” बाबा वाकून तिच्या पायांत जोडे चढवत होते. दोन्ही अलगद बसले. “मी इथे दुकानात. बरोबर तू होतीस.”

लेक साचा त्यांच्या हातात देऊन, त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि पायरी उतरली.

बाबा दारात उभे राहिले. शिंप्याच्या दुकानापर्यंत ती खाली मान घालून, गप्प गेली. मग पुलाकडच्या वळणावर तिचा हात हलताना दिसला, आपण कुणाला काही समजावून सांगताना हलतो तसा.