चालता दगड

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, विरुपा, पर आपल्या हद्दीचा दगड चालतोय," गुरुबसप्पा म्हणाला. "बघ की, चार हात तुझ्या बाजूला आलाय. दुष्काळात तर त्याला पाणी प्यायला विहिरीवर गेलेलं बघितलंय मी."

विरुपाक्षला सवयीनं हसू आलं. गुरूच्या असल्या थापांवर तो शाळेपासून हसत आला होता. त्याच दोस्तीवर दोघांनी एकाहत्तर साली विजापूर रस्त्याला हा प्लॉट भागीत घेतला; खर्च निम्मा, बुडालं तरी निम्मंच. सरकारी मोजणीची फी वाचवायला गुरूनंच दोरी धरली, मधोमध खड्डा घेतला आणि दगड रोवण्याआधी नारळ आणायला गेला. आज विरुपाक्ष घराचा पाया खणायला आला, तर त्याच्या वाट्यात जेमतेम एक खोली बसत होती.

त्यानं कुदळ उचलली. दगडाच्या जुन्या जागी दोन घाव घातले, तसे मातीतून कोळसे वर आले.

"हे काय?" गुरुबसप्पाचा आवाज उतरला.

"तू नारळाला गेलास तवा मी पुरलेत. सासरे म्हणाले हुते, हद्दीच्या दगडाखाली कोळसा ठेव, त्यो कुजत न्हाय." विरुपाक्ष खालीच बघत होता. "दोस्तावर संशय घेतला म्हणून तीन वर्षं माझी मलाच लाज वाटत हुती, गुरू. दगड चालला न्हाय. तू उचललास."