कागदी पोळं

"तुला पटायचं नाही, पण मी एकदा कागदातून मध काढलाय," मी कुमुदला म्हणालो आणि पिवळा पतंगाचा कागद टेबलावर पसरला.

कुमुद माझी बायको. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आणि त्याहून जास्त वर्षं घरी माझ्या थापा पकडल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र तीन महिने तिच्या तोंडून शब्द नव्हता. तिच्याशी बोलत राहा, डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी रोज तिच्यासमोर कागदाची जाळी कातरायचो आणि तोंडाचा पट्टाही चालू ठेवायचो.

"हे बघ, अशी अर्धी घडी घातली. तिची पुन्हा अर्धी, मग मधलं टोक धरून आणखी अर्धी. टोकाला एकदाच अशी कात्री मारली. उलगडून बघतो तर मधोमध षटकोन! थेट पोळ्यातलं घर! जाळी खिडकीला चिकटवली आणि दुपारी मधमाश्या राहायला आल्या. संध्याकाळी शेजारचे टिल्लू वाटी घेऊन दारात!"

मधमाश्यांना ती हसेल असं वाटलं होतं. पण ती माझ्या हातातल्या घडीकडे रोखून बघत होती. डावा हात पुढे करून तिने घडी ओढून घेतली, मांडीवर उलगडली आणि मधल्या भोकाचे कोन बोटाने मोजले. पुन्हा मोजले. तिचे ओठ हलायला लागले. मी जन्मात पहिल्यांदा गोष्ट अर्ध्यावर सोडून गप्प बसलो.

"अहो," ती म्हणाली, "खोटं! आठ!"