रोजच्यासारखं

भाताच्या रोवणीत चक्कर येऊन पडलेल्या भागरताबाईच्या दंडाला डॉक्टरनं दिवसभर रक्तदाब मोजणारं यंत्र बांधलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत रोजच्यासारखंच वागा, तरच खरं कळेल." पण पोंभुर्ण्याच्या दवाखान्यातून घरी आल्यावर रोजच्यासारखं काही घडेचना. दंडावरचा पट्टा फुगला की एरवी उठता-बसता खेकसणारा नवरा गुणवंतराव घाबरून गप्प व्हायचा. पाणी त्यानं आणलं, चूलही त्यानंच पेटवली. "अवो, मले माहं काम करू द्या," ती वैतागून म्हणाली, तरी त्यानं तिला खाटेवरून हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र काढून डॉक्टर म्हणाला, "बीपी एकदम नॉर्मल आहे." ते ऐकताच गुणवंतराव उसळला, "पाह्यलं? सारी नाटकं! कामाचा कंटाळा येते इले!" भागरताबाईच्या कानशिलात सणकन कळ गेली. तिनं उघडा दंड डॉक्टरपुढे केला. "आता बांधा, डॉक्टरसाहेब. हे बोलून राह्यले तवरच बांधा."